बाहेर रोलबॅक, आत कमिट: नेस्टेड ट्रान्झॅक्शनचं दुखणं कसं शोधायचं

‘डेटा अर्धाच सेव्ह झालाय’ असा मेसेज आला की मी हल्ली टेबलं उघडून बघत बसत नाही. आधी कोडमध्ये ट्रान्झॅक्शन किती ठिकाणी सुरू होतंय ते मोजतो. ट्रान्झॅक्शन म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांचा एक गठ्ठा: ‘बिगिन’ने सुरू होतो, कमिट केलं तर सगळा पक्का, रोलबॅक केला तर सगळा मागे. एकाच्या आत दुसरं सुरू केलं की ते ‘नेस्टेड’. बहुतेक वेळा उत्तर ‘दोन’ येतं: एक कंट्रोलरमध्ये आणि दुसरं त्यानेच बोलावलेल्या एखाद्या सर्व्हिसमध्ये. गंमत म्हणजे दोघांनीही आपापल्या जागी बरोबरच लिहिलेलं असतं. स्टॉक कमी करणारं फंक्शन एकटं चाललं तर त्याला ट्रान्झॅक्शन हवंच. ऑर्डर घेणाऱ्या फंक्शनलाही हवंच. ऑर्डरवाल्याने स्टॉकवाल्याला हाक मारली की भांडण सुरू होतं.

पीएचपी, जावा, पायथन, सगळीकडे हा बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केलाय की तपासायचा क्रम आता ठरून गेलाय. तोच इथे उतरवतोय. फुकटचं आणि सोपं आधी, कोड उलटापालटा करायला लावणारं शेवटी.

## लक्षणं

यातलं एखादं ओळखीचं वाटलं तर तुम्ही योग्य जागी आलात.

- लॉग म्हणतो ‘यशस्वी’, टेबलात मात्र काहीच नाही. कुठेही एरर दिसत नाही.
- याच्या बरोब्बर उलटं: रोलबॅक झाला असं लॉग सांगतो, तरी काही ओळी टेबलात ठाण मांडून बसलेल्या.
- पोस्टग्रेसमध्ये ‘करंट ट्रान्झॅक्शन इज अबॉर्टेड, कमांड्स इग्नोर्ड अंटिल एंड ऑफ ट्रान्झॅक्शन ब्लॉक’. कोड २५पी०२.
- मायएसक्यूएलमध्ये एरर १३०५, म्हणजे तुम्ही सांगताय त्या नावाचा सेव्हपॉइंटच (ट्रान्झॅक्शनमधली खूण, पुढे सांगतो) नाही. किंवा पीएचपीकडून ‘देअर इज नो अ‍ॅक्टिव्ह ट्रान्झॅक्शन’.
- एसक्यूएल सर्व्हरमध्ये एरर २६६: प्रोसीजरमध्ये शिरताना ट्रान्झॅक्शनची मोजणी एक होती, बाहेर पडताना वेगळी निघाली. त्याचीच भावंडं ३९०२ आणि ३९०३.
- स्प्रिंगमध्ये (जावाचं फ्रेमवर्क) ‘अनएक्स्पेक्टेड रोलबॅक एक्सेप्शन’, आणि सोबत ट्रान्झॅक्शन ‘रोलबॅक-ओन्ली’ झाल्याची कुरकुर.
- गर्दी वाढली की अ‍ॅप गोठतं, ३० सेकंदांनी ‘कनेक्शन मिळालं नाही’ म्हणतं, आणि डेटाबेसचा सीपीयू बघावा तर निवांत.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. एरर ज्या ओळीवर दिसतो त्या ओळीत सहसा काहीच चुकलेलं नसतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून स्टॅक ट्रेसमधली शेवटची ओळ धरून दुरुस्ती करायला धावू नका.

## तपासायच्या आधी एवढं डोक्यात असू द्या

नेहमीच्या वापरातल्या रिलेशनल डेटाबेसमध्ये एका कनेक्शनवर एका वेळी एकच खरं ट्रान्झॅक्शन चालू असतं. ‘आतलं ट्रान्झॅक्शन’ ही आपल्या कोडची किंवा फ्रेमवर्कची समजूत असते. मग दुसऱ्यांदा ‘बिगिन’ म्हटलं तर काय होतं? ते ज्याने त्याने आपल्या मर्जीने ठरवलंय.

पोस्टग्रेस एक वॉर्निंग देऊन ते दुर्लक्षित करतं, त्यामुळे ‘आतलं’ कमिट आलं की बाहेरचं सगळं पक्कं होऊन बसतं. मायएसक्यूएल आधीचं चालू ट्रान्झॅक्शन न विचारता कमिट करतं आणि नवं सुरू करतं. एसक्यूएल सर्व्हर एक मोजणी ठेवतो: प्रत्येक बिगिनला एकने वाढ, प्रत्येक कमिटला एकने घट, पण साधा रोलबॅक म्हटला की थेट शून्य. म्हणजे तिथे आतलं कमिट नुसतं नावापुरतं असतं, आणि आतला रोलबॅक बाहेरच्यालाही घेऊन बुडतो. एसक्यूलाइट सरळ एरर देतं. मला त्याचंच वागणं सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

आत काहीतरी फसलं तर तेवढंच मागे घ्यायचं असेल, तर त्यासाठी सेव्हपॉइंट आहे. चालू ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवलेली एक खूण. तिथपर्यंत मागे जाता येतं आणि बाहेरचं काम शाबूत राहतं. पण सेव्हपॉइंट रिलीज केला म्हणजे कमिट झालं असं नाही. बाहेरच्याने शेवटी रोलबॅक केला तर रिलीज केलेलंही जातंच. ही एक समजूत दुरुस्त झाली तरी निम्म्या शंका मिटतात.

## १. एकाच रिक्वेस्टचा लॉग काढा

खर्च शून्य, वेळ पंधरा मिनिटं. बिघाड दाखवणारी एकच रिक्वेस्ट टेस्ट सर्व्हरवर चालवा आणि डेटाबेसकडे नेमकं काय पोचलं ते वाचा. फ्रेमवर्कच्या क्वेरी लॉगवर विसंबू नका. बिगिन आणि कमिट बऱ्याचदा ड्रायव्हरच्या वेगळ्या कॉलने जातात, त्यामुळे त्या लॉगमध्ये ते दिसतच नाहीत. डेटाबेसच्या बाजूने बघा: मायएसक्यूएलमध्ये जनरल लॉग थोडा वेळ चालू करा, पोस्टग्रेसमध्ये सगळी स्टेटमेंट लॉगमध्ये पडतील अशी सेटिंग करा. काम झालं की आठवणीने बंद करा. प्रॉडक्शनवर हा लॉग डिस्क भरून टाकतो, आणि त्यात लोकांचा खासगी डेटाही जसाच्या तसा पडतो.

मायएसक्यूएलवरच्या एका बिघाडात मला असं दिसलं होतं. क्वेरी छाटून देतोय:

बिगिन
इन्सर्ट, ऑर्डर
बिगिन ← हे स्टॉकच्या सर्व्हिसमधून आलं. इथे ऑर्डर कमिट झाली
अपडेट, स्टॉक
कमिट ← इथे स्टॉकही पक्का
इन्सर्ट, पावती ← एरर
रोलबॅक ← मागे घ्यायला आता उरलंय काय?

अ‍ॅपचा लॉग छातीठोकपणे ‘रोलबॅक केला’ म्हणत होता, आणि तो खोटं बोलत नव्हता. रोलबॅकची कमांड गेली होती, डेटाबेसने ती विनातक्रार घेतली होती. फक्त तोवर ट्रान्झॅक्शन संपलेलं होतं. शिवाय पावतीचं इन्सर्ट मधल्या मोकळ्या जागेत ऑटोकमिटवर चाललं होतं, म्हणजे प्रत्येक स्टेटमेंट आपलं आपण लगेच पक्कं. ते यशस्वी झालं असतं आणि त्याच्या पुढचं काही फसलं असतं, तर पावतीही तशीच राहिली असती. मुळात त्या सर्व्हिसमध्ये कोणीतरी ‘स्टार्ट ट्रान्झॅक्शन’ साध्या एसक्यूएलच्या मजकुरात लिहिलं होतं, त्यामुळे ड्रायव्हरला पत्ताच नव्हता. त्याच्या स्वतःच्या फंक्शनने दुसऱ्यांदा सुरू केलं असतं तर त्याने तिथेच हरकत घेतली असती.

लॉग हातात आला की बिगिन, सेव्हपॉइंट, रिलीज, कमिट, रोलबॅक एवढ्याच ओळी एका कागदावर उतरवा आणि जोड्या लावा. ज्याची जोडी लागत नाही तिथे गुन्हेगार आहे.

## २. कनेक्शन एकच आहे ना?

जोड्या नीट लागल्या तरी कधीकधी कोडं सुटत नाही, कारण दोन तुकडे दोन वेगळ्या कनेक्शनांवर चाललेले असतात. एकाच्या रोलबॅकचा दुसऱ्यावर काडीचाही परिणाम होत नाही. प्रत्येक तुकड्यात सेशनचा नंबर लॉग करा: पोस्टग्रेसमध्ये बॅकएंडचा पीआयडी, मायएसक्यूएलमध्ये कनेक्शन आयडी, एसक्यूएल सर्व्हरमध्ये एसपीआयडी. नंबर वेगळे आले तर पुढचे चार मुद्दे सोडा आणि कनेक्शन कोण उघडतंय तेच आधी शोधा. बऱ्याचदा एखाद्या जुन्या मदतनीस क्लासने स्वतःचं कनेक्शन बनवलेलं असतं. नाहीतर काम दुसऱ्या थ्रेडवर ढकललेलं असतं. स्प्रिंगसारख्या फ्रेमवर्कमध्ये ट्रान्झॅक्शन थ्रेडला बांधलेलं असतं, नवा थ्रेड म्हणजे नवं कनेक्शन. डॉट नेटमध्ये ट्रान्झॅक्शन स्कोप वापरून मध्येच ‘अवेट’ केलंत तर स्कोप पुढे न्यायची परवानगी तो बनवतानाच द्यावी लागते. ती नसेल तर तिथेही गडबड ठरलेली.

## ३. न सांगता होणारं कमिट

मायएसक्यूएल आणि ओरॅकल या दोन्हींमध्ये टेबल बनवणं, बदलणं, ट्रंकेट (एका झटक्यात रिकामं) करणं यांमुळे चालू ट्रान्झॅक्शन आपोआप कमिट होतं. इम्पोर्ट करताना आधी टेबल ट्रंकेट करायची सवय असलेल्यांना हे हमखास चावतं. कमिट होतं तेव्हा सगळे सेव्हपॉइंटही जातात, आणि मग शेवटी १३०५ किंवा ‘ट्रान्झॅक्शनच चालू नाही’ असा एरर येतो, मूळ जागेपासून बराच लांब. ट्रंकेटच्या जागी साधं डिलीट वापरून बघा. हळू चालेल, पण बिघाड गेला तर कारण सापडलं.

मायएसक्यूएलवर असाल तर टेबलाचं इंजिनही बघून घ्या. मायआयसॅम टेबलाला रोलबॅक म्हणजे काय ते ठाऊकच नाही. जुन्या डेटाबेसमध्ये एखादं तसं टेबल कोपऱ्यात अजून सापडतं.

## ४. गिळलेली एक्सेप्शन

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. माझ्या अनुभवात बहुतेक केस इथेच निकालात निघतात.

पॅटर्न ठरलेला असतो. आतल्या फंक्शनमध्ये काहीतरी फसतं, समजा डुप्लिकेट की आली. लिहिणाऱ्याला ते किरकोळ वाटतं, म्हणून तो एक्सेप्शन पकडतो, एक ओळ लॉग करतो आणि पुढे जातो. त्याच्या मते विषय संपला. डेटाबेसच्या किंवा फ्रेमवर्कच्या मते तो संपलेला नसतो.

पोस्टग्रेस ट्रान्झॅक्शनमधल्या पहिल्या एररनंतर सगळं ट्रान्झॅक्शन मेलेलं धरतं. पुढची प्रत्येक क्वेरी २५पी०२ देते. त्याहून वाईट म्हणजे, पुढे एकही क्वेरी नसेल आणि थेट कमिट आलं, तर पोस्टग्रेस एरर न देता मुकाट्याने रोलबॅक करतं. उत्तरातल्या टॅगमध्ये ‘कमिट’ऐवजी ‘रोलबॅक’ असतं, पण तो टॅग वाचतो कोण? ‘लॉग यशस्वी, टेबल रिकामं’ या लक्षणाचं हे एक नंबरचं कारण.

एकदा रात्रीच्या इम्पोर्ट जॉबवर मी दोन दिवस घालवले. सकाळी रिपोर्टमध्ये ‘सर्व ओळी घेतल्या’, टेबलात शून्य. शेवटच्या ओळीत एक डुप्लिकेट होती, ती पकडून ‘वगळली’ अशी नोंद केलेली होती, आणि त्यानंतर लगेच कमिट. डुप्लिकेट मधल्या ओळीत असती तर पुढच्या क्वेरीने बोंब ठोकली असती आणि पाच मिनिटांत कळलं असतं. कोड तोच, पण कधी चालायचा आणि कधी नाही, ते फाइलमधल्या ओळींच्या क्रमावर ठरायचं.

जँगोमध्ये (पायथनचं फ्रेमवर्क) हाच रोग ‘अ‍ॅटॉमिक’ ब्लॉकच्या आत ट्राय-एक्सेप्ट लिहिल्यावर होतो. औषध म्हणजे दोघांची अदलाबदल: ट्राय बाहेर, त्याच्या आत अ‍ॅटॉमिक. आतला अ‍ॅटॉमिक सेव्हपॉइंट ठेवतो, एक्सेप्शन त्याच्या हद्दीतून बाहेर पडताना तो सेव्हपॉइंटपर्यंत मागे जातो, आणि मग तुम्ही ते पकडता. एक्सेप्शनने ब्लॉकची सीमा ओलांडली तरच फ्रेमवर्कला कळतं की काहीतरी बिनसलंय. आतच गिळलंत तर त्याला कसं कळणार?

स्प्रिंगमध्ये चित्र थोडं वेगळं. आतल्या मेथडला स्वतःचं ‘ट्रान्झॅक्शनल’ असेल आणि रनटाइम एक्सेप्शन तिच्यातून बाहेर पडलं, तर ट्रान्झॅक्शनवर ‘रोलबॅक-ओन्ली’चा शिक्का बसतो. मग बाहेरच्या मेथडने ते एक्सेप्शन पकडून कितीही सावरून घेतलं तरी तो शिक्का पुसला जात नाही. शेवटी कमिट करायला गेलं की अनएक्स्पेक्टेड रोलबॅक. नवखे लोक इथे त्या शेवटच्या एक्सेप्शनलाही ट्राय-कॅच लावतात. तसं करू नका. ते एक्सेप्शन तुमच्या बाजूने बोलतंय: तुला वाटतंय सेव्ह झालं, पण झालेलं नाही.

रेल्समध्ये (रूबीचं फ्रेमवर्क) सापळा उलट्या बाजूने लावलाय. बाहेरच्या ट्रान्झॅक्शन ब्लॉकच्या आत दुसरा साधा ब्लॉक लिहून त्यात ‘अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड रोलबॅक’ हे खास एक्सेप्शन फेकलं, तर आतला ब्लॉक ते स्वतःच गिळतो, बाहेरच्याला काही कळत नाही, आणि सगळं कमिट होतं. आतल्या ब्लॉकला ‘रिक्वायर्स न्यू’ सांगितलं तरच तिथे सेव्हपॉइंट येतो.

तपासायची पद्धत कंटाळवाणी आहे पण खात्रीची: ट्रान्झॅक्शनच्या आत येणाऱ्या प्रत्येक कॅचमध्ये एक्सेप्शन पुन्हा फेकायची ओळ तात्पुरती टाका आणि तीच रिक्वेस्ट चालवा. दडलेलं पहिलं कारण आपोआप वर येतं.

## ५. फ्रेमवर्कला तुम्ही खरंच काय सांगितलंय?

अजून सापडलं नसेल तर सेटिंग वाचा. अंदाज नको, डॉक्युमेंटेशन उघडून वाचा, कारण एकच शब्द दोन फ्रेमवर्कमध्ये दोन अर्थांनी येतो. रेल्सच्या ‘रिक्वायर्स न्यू’चा अर्थ त्याच कनेक्शनवर सेव्हपॉइंट. स्प्रिंगच्या ‘रिक्वायर्स न्यू’चा अर्थ वेगळं कनेक्शन आणि अगदी स्वतंत्र ट्रान्झॅक्शन. एका टीममधून दुसरीत गेलेला माणूस इथे घसरला तर नवल नाही.

स्प्रिंगबद्दल तीन गोष्टी पटकन. एकाच क्लासमधल्या एका मेथडने दुसरीला थेट हाक मारली तर दुसरीवरचं ‘ट्रान्झॅक्शनल’ लागूच होत नाही, कारण कॉल प्रॉक्सीमधून, म्हणजे ट्रान्झॅक्शन सांभाळायला स्प्रिंगने मध्ये बसवलेल्या आवरणातून, जात नाही. चेक्ड एक्सेप्शनवर (जावात जी पकडणं किंवा जाहीर करणं सक्तीचं असतं ती) मुळात रोलबॅक होत नाही, तो वेगळा सांगावा लागतो. आणि ‘नेस्टेड’ हे प्रोपगेशन (आतल्या मेथडने बाहेरच्या ट्रान्झॅक्शनशी कसं वागायचं ती सेटिंग) हायबरनेटबरोबर जेपीए, म्हणजे जावातली डेटाबेस हाताळायची लायब्ररी, वापरताना चालेल असं गृहीत धरू नका. बहुतेक वेळा सेव्हपॉइंटला आधार नसल्याचा एरर हातात पडतो.

## ६. वेगळं ट्रान्झॅक्शन मागून स्वतःलाच अडवलंय का?

ऑडिट लॉग हे नेहमीचं निमित्त. मुख्य काम फसलं तरी ‘कोणी काय करायचा प्रयत्न केला’ ही नोंद राहिली पाहिजे, म्हणून ती स्वतंत्र ट्रान्झॅक्शनमध्ये लिहितात. मागणी रास्त आहे, पण तिची किंमत असते.

बाहेरचं ट्रान्झॅक्शन आपलं कनेक्शन धरून थांबतं आणि आतलं पूलकडे (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्याकडे) दुसरं मागतं. एका रिक्वेस्टला दोन कनेक्शन. हिकारी या जावातल्या पूलमध्ये काही न सांगता १० कनेक्शन असतात. १० रिक्वेस्ट एकदम आल्या, दहाही जणांनी आपलं पहिलं कनेक्शन पकडलं, आणि आता दहाही जण दुसऱ्याची वाट बघताहेत. कोणीच सोडणार नाही. ३० सेकंदांनी टाइमआउट. डेटाबेसच्या दृष्टीने मात्र सगळे सेशन रिकामे बसलेत, म्हणून त्याचा सीपीयू निवांत. एका थ्रेडला एकाच वेळी जास्तीत जास्त किती कनेक्शन लागतात ते मोजा, त्यातून एक वजा करा, थ्रेडच्या संख्येने गुणा आणि एक मिळवा. १० थ्रेड आणि दोन कनेक्शन असतील तर ११. पूल निदान एवढा असेल तर ही कोंडी होत नाही. वेग किती मिळेल हा वेगळा विषय.

दुसरी कोंडी जास्त छुपी असते. बाहेरच्याने एक ओळ अपडेट केलीय, लॉक त्याच्याकडे आहे. आतलं स्वतंत्र ट्रान्झॅक्शन तीच ओळ बदलायला जातं आणि थांबतं. बाहेरचं आतल्याची वाट बघतंय, आतलं बाहेरच्याच्या लॉकची. डेटाबेसला यातली अर्धीच साखळी दिसते, दुसरी अर्धी तुमच्या कोडमध्ये असते, म्हणून त्याचा डेडलॉक (अशी एकमेकांत अडकलेली वाट) शोधणारा गप्प बसतो. इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचं नेहमीचं इंजिन, ५० सेकंदांनी एरर १२०५ देऊन सोडवतं. पोस्टग्रेसमध्ये लॉकसाठी थांबायला मुळात मर्यादाच घातलेली नसते, तुम्ही घालेपर्यंत ते थांबूनच राहतं. सेशनच्या यादीत एक ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ आणि दुसरा त्याच्या लॉकसाठी खोळंबलेला, आणि दोघेही एकाच रिक्वेस्टचे, असं दिसलं की समजा हेच. घाईत खोळंबलेल्याला मारून टाकू नका, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

ऑडिटच्या टेबलात ऑर्डरकडे फॉरेन की (ती ऑर्डर खरंच आहे ना हे तपासणारा दुवा) असेल तर आणखी एक मजा. ऑर्डर अजून कमिट झालेली नाही, त्यामुळे पोस्टग्रेसमधल्या दुसऱ्या कनेक्शनला ती दिसत नाही आणि फॉरेन कीचा एरर लगेच येतो. इनोडीबी त्याच जागी लॉकसाठी थांबतं. एकाच कोडची दोन डेटाबेसवर दोन लक्षणं.

ओरॅकलच्या ऑटोनॉमस, म्हणजे बाहेरच्यापासून स्वतंत्र, ट्रान्झॅक्शनलाही हेच लागू, फक्त तिथे असं अडकलं की डेटाबेसला ते कळतं आणि तो डेडलॉकचा एरर देतो.

## ७. डेडलॉकनंतरचा रीट्राय कुठे बसवलाय?

इनोडीबीत डेडलॉक झाला, म्हणजे एरर १२१३ आला, की बळी ठरलेलं सगळं ट्रान्झॅक्शन मागे जातं, सेव्हपॉइंटसकट. लॉक टाइमआउटला, म्हणजे १२०५ ला, काही सेटिंग बदललेली नसेल तर फक्त तेवढंच स्टेटमेंट मागे जातं आणि ट्रान्झॅक्शन चालू राहतं. दोन शेजारी एरर, वागणूक अगदी वेगळी.

आता कोणी आतल्या फंक्शनमध्ये ‘डेडलॉक आला तर पुन्हा प्रयत्न करा’ असं लिहिलं असेल तर? १२१३ नंतर ट्रान्झॅक्शनच उरलेलं नाही. पुन्हा चालवलेलं स्टेटमेंट ऑटोकमिटवर जातं आणि लगेच पक्कं होतं. बाहेरच्याने आधी लिहिलेलं सगळं गेलं, नंतरचं राहिलं. ‘डेटा अर्धाच’ म्हणतात तो असा, आणि तोही मागचा अर्धा. हा बिघाड महिन्यातून एकदा दिसतो, टेस्टमध्ये कधीच सापडत नाही.

रीट्राय नेहमी सगळ्यात बाहेर, ट्रान्झॅक्शन जिथे उघडलं तिथे. आतून फक्त एक्सेप्शन वर जाऊ द्या.

## ८. लूपमधले सेव्हपॉइंट

बिघाड सुधारताना प्रत्येक ओळीभोवती सेव्हपॉइंट घालायचा मोह होतो. शे-पन्नास ओळींना ठीक आहे. पोस्टग्रेसमध्ये मात्र प्रत्येक सेशनचे ६४ सबट्रान्झॅक्शन आयडी जवळच्या मेमरीत बसतात (सेव्हपॉइंट ठेवला की आत जो उपविभाग तयार होतो तो सबट्रान्झॅक्शन). त्यापुढे गेलं की कुठली ओळ दिसायची हे ठरवताना इतर सेशननाही वेगळ्या जागी शोध घ्यावा लागतो, आणि गर्दीत सगळा सर्व्हर रेंगाळू शकतो. रिलीज करून हा आकडा कमी होत नाही. लिहिणारं प्रत्येक सबट्रान्झॅक्शन बाहेरचं संपेपर्यंत मोजलं जातं. पीएल/पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या आतल्या भाषेतला ‘एक्सेप्शन’ ब्लॉकही आतून सबट्रान्झॅक्शनच असतो, हे लक्षात राहत नाही. डुप्लिकेट वगळायचीच असेल तर ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ लिहा. सेव्हपॉइंटची गरजच संपते.

## ९. मालक एक ठेवा

इथवर आलात म्हणजे आता कोड हलवायला लागणार. मी जे करतो ते असं: ट्रान्झॅक्शन उघडायचा आणि बंद करायचा हक्क फक्त सगळ्यात बाहेरच्या थराला, म्हणजे रिक्वेस्ट किंवा जॉब जिथे सुरू होतो तिथे. आतली फंक्शनं चालू कनेक्शन घेतात, काम करतात, फसली तर एक्सेप्शन फेकतात. कमिट हा शब्द त्यांच्यात दिसताच कामा नये. एखादं फंक्शन एकटंही चालायला हवं असेल तर त्याच्याभोवती एक पातळ आवरण लिहा, जे ट्रान्झॅक्शन उघडून त्यालाच हाक मारतं.

जँगोत ३.२ पासून अ‍ॅटॉमिकला ‘ड्युरेबल’ असं सांगता येतं. हा ब्लॉक दुसऱ्या कोणाच्या आत सापडला तर लगेच एरर येतो. इतर ठिकाणी हीच तपासणी दोन ओळींत हाताने लिहिता येते: शिरताना ट्रान्झॅक्शन आधीच चालू असेल तर ओरडा.

ईमेल, क्यूमधले जॉब, बाहेरच्या सर्व्हिसचे कॉल हे सगळं कमिट झाल्यानंतरच्या हुकमध्ये न्या. आतल्या फंक्शनला स्वतःचं ‘कमिट’ झालं असं वाटून त्याने ईमेल पाठवला आणि मग बाहेरच्याने रोलबॅक केला, तर नसलेल्या ऑर्डरची पावती माणसाच्या इनबॉक्समध्ये जाते. ती परत बोलावता येत नाही.

टेस्टकडेही एकदा बघा. बरीच फ्रेमवर्क प्रत्येक टेस्ट एका मोठ्या ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून शेवटी रोलबॅक करतात. म्हणजे तुमचा ‘सगळ्यात बाहेरचा’ ब्लॉक टेस्टमध्ये आतला ठरतो आणि सेव्हपॉइंट होऊन जातो. या बिघाडाच्या टेस्ट तरी खऱ्या कमिटवर चालवा.

## इथे थांबा आणि डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) बोलवा

प्रॉडक्शनमध्ये अर्धवट डेटा आधीच पडलेला असेल आणि त्यात पैशांचे हिशेब असतील, तर कोड दुरुस्त करा पण डेटाला हात लावू नका. हाताने चालवलेल्या अपडेटने मूळ पुरावा पुसला जातो, आणि नंतर कोणती ओळ बिघाडाने आली आणि कोणती तुम्ही टाकली हे सांगता येत नाही.

तासभर चाललेलं मोठं ट्रान्झॅक्शन मारायची वेळ आली तर स्वतः मारू नका. इनोडीबीत त्याचा रोलबॅकही बराच वेळ घेतो, आणि वैतागून सर्व्हर रीस्टार्ट केलात तरी वर आल्यावर तो तेच काम पुढे चालू ठेवतो. दोन टप्प्यांच्या कमिटमधली ‘प्रिपेअर्ड’ अवस्थेत लटकलेली ट्रान्झॅक्शनं दिसली तर तीही तशीच सोडा. दुसऱ्या बाजूच्या डेटाबेसने काय ठरवलं हे कळल्याशिवाय त्यांना कमिट म्हणणंही धोक्याचं आणि रोलबॅक म्हणणंही. आयसोलेशन लेव्हल किंवा सगळ्या सर्व्हरला लागू होणारे टाइमआउट ‘करून बघू’ म्हणून बदलायचे नाहीत. आणि आठव्या मुद्द्यातलं रेंगाळणं प्रॉडक्शनवर सुरू झालं असेल, सेशनच्या यादीत ‘सबट्रान्स’ने सुरू होणाऱ्या प्रतीक्षा दिसत असतील, तर तोही एकट्याने निस्तरायचा विषय नाही.

बोलवायचं ठरलं की रिकाम्या हाताने जाऊ नका. पहिल्या मुद्द्यातला एका रिक्वेस्टचा लॉग, प्रत्येक ओळीशेजारी सेशनचा नंबर, डेटाबेस आणि ड्रायव्हरच्या आवृत्त्या, पूलचा आकार, आणि आलेल्या एररांपैकी अगदी पहिला, शेवटचा नव्हे. एवढं समोर ठेवलंत तर पहिला तासभर जो प्रश्नोत्तरांत जातो तो वाचतो.